पाऊणकी चुकली नव्हती

प्रिय दादा,

तुला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला पत्र लिहावंसं एकदाही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? पेपरात फोटोखाली छापतात तसलं हळवं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. आज लिहितेय ती भांडायला. तू होतास तेव्हाच भांडायला हवं होतं, पण तेव्हा माझी जीभ कुठे गेली होती कोण जाणे!

गुरुवारी महेश आला होता. तुझा महेश, आता आपल्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी. हातात पिशवी, पिशवीत छापखान्यातून आलेली पानं. "आत्या, पन्नास वर्षांची स्मरणिका. प्रूफ आलंय. तू शाळेतली बाई, जरा चेक करून दे ना. मंडेला प्रिंटिंगला जायचंय." चहा प्यायला आणि गेला. कव्हरवर तूच आहेस. गळ्यात शिट्टी, अंगात तो आंबट पिवळा टी-शर्ट, मागे समुद्र. फोटो छान आलाय हो, उगाच नावं ठेवणार नाही.

मी लाल पेन घेऊन बसले. सदतीस वर्षं हेच तर केलं. पहिल्या आठ पानांत पंचवीस चुका काढल्या, 'क्रीडा'चा 'क्री' पोराने तीन ठिकाणी ऱ्हस्व लिहिलाय. मग नववं पान आलं. तिथे काय छापलंय वाचून दाखवू? 'जिल्ह्याच्या लीगमध्ये आपला क्लब जाता जाता राहिला, तो संस्थापकांच्या भगिनी सुनंदाताई यांच्या पाऊणकीतील एका गमतीदार चुकीमुळे!' पुढे उद्गारचिन्ह. त्याच्या पुढे एक पिवळा हसरा चेहरा.

दादा, पेन माझ्या हातातच राहिलं. मी सत्तेचाळीस वर्षं ऐकत आलेली गोष्ट आता छापून येणार. घराघरात जाणार. कपाटात राहणार. माझ्या नातवंडांनी उद्या वाचली, तर त्यांची आजी एवढीच: गमतीदार चूक!

आता नीट ऐक. मध्ये बोलायची तुझी सवय होती, आज बोलता यायचं नाही.

महेशने इतिहास तुझ्या तोंडून ऐकला तसा लिहिलाय. तू मुंबईला बंदरात कामाला होतास. जेवणाच्या सुट्टीत परदेशी जहाजांवरचे खलाशी धक्क्यावर चेंडू खेळायचे. त्यातल्या एका इंग्रज खलाशाने तुला त्याच्या गावच्या क्लबची गोष्ट सांगितली. एवढासा क्लब, मोठ्या लीगमध्ये कुणी घेत नाही, गोलकीपर पाव भाजणारा आणि कप्तान पोस्टमन. तरी शंभर वर्षं दर शनिवारी खेळतात, अख्खं गाव पावसात उभं राहून बघतं. जहाज सुटताना त्याने तुला एक जुना चेंडू दिला. तो तू भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला आणलास, मांडीवर, तान्हं मूल आणावं तसा. आईने दारातच विचारलं, "ह्ये काय कलिंगड आनलंस? फुटलंय की!" ही गोष्ट महेशने छान रंगवलीय. मलाही वाचताना हसू आलं.

पण पुढे लिहितो, 'आणि मग किनाऱ्यावर क्लब सुरू झाला.' सुरू झाला! असा कसा सुरू झाला रे? आपोआप?

गावात चेंडू लाथाडायला जागा होती का? एकीकडे भाताची खाचरं, दुसरीकडे नारळाच्या वाड्या, शाळेचं अंगण खळ्याएवढं. लोक म्हणायचे, कबड्डी सोडून हे काय पायाचे चाळे, हाताला काय झालंय पोरांच्या? राहिली पुळण. सुरूच्या झाडांखालची वाळू भुसभुशीत, तिथे चेंडू उसळतच नाही. खेळायला हवी ती खालची, ओली, कडक वाळू, आणि ती समुद्र सोडेल तेव्हाच मिळणार. पहिल्या रविवारी तुम्ही पोरं घेऊन गेलात आणि पाण्यात उभे राहून परत आलात. विसरलास?

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आई खाडीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला जायची, तिच्यामागे जाऊन मला तिथ्या पाठ झाल्या होत्या. आणि शाळेत गुरुजींनी छडी घेऊन पाऊणकी पाठ करून घेतली होती. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आईला तोंडी यायचं, गुरुजींना आकड्यांत यायचं, ते दोन्ही माझ्या डोक्यात एकत्र आलं. पाटीवर पंधरा दिवसांचं वेळापत्रक करून तुझ्यासमोर धरलं. तेरसेपासून बीजेपर्यंत संध्याकाळचं मैदान, सप्तमी-अष्टमीला सकाळचं. तू पाटी बघितलीस, माझ्याकडे बघितलंस आणि ओरडलास, "आयला! पोरगी हाय का पंचांग?"

त्या दिवसापासून क्लबची वेळ मी काढायची. वाण्याच्या दुकानाबाहेरच्या फळीवर खडूने लिहायचे. वार, तिथी, वेळ. कुणी घड्याळ बघत नव्हतं, फळी बघायचे. चौलपासून, नागावपासून पोरं यायची ती फळीच्या भरवशावर. गोलाचे बांबू रोवायचे कधी, उपटायचे कधी, तेही मीच सांगायचे. रेवदंड्याच्या कोळ्यांकडून फाटकी जाळी आणून गोलाला कुणी शिवली? मी आणि आईने. तीन वर्षांत एकदाही, अगदी एकदाही, मॅच चालू असताना पाणी मैदानात आलं नाही. सांग ना, आलं होतं का?

हे एवढं सगळं स्मरणिकेत नाही. आहे ती चूक.

आता त्या अर्जाबद्दल बोलू. जिल्ह्याच्या समितीचा छापील अर्ज आला, लीगमध्ये यायचं तर भरून द्या म्हणून. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहायला मला बसवलंस. मागल्या पडवीत, दुपारची वेळ, तू फेऱ्या मारतोयस. अर्जात ओळ होती: मैदान. तू म्हणालास, "लिही, स्वतःचे." मी लिहिलं. पुढे ओळ होती: वापराची वेळ. तू म्हणालास, "लिही, वर्षभर, दिवसभर."

मी थांबले. "दादा, दिवसभर?"

"लिही गं. सायेब काय भरती मोजायला येनार हाय?"

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात. तेवढा दोष माझा, तो मी घेते. बाकीचा घेणार नाही.

त्यांनी कळवलं, दोन माणसं पाठवतो, अलिबागच्या एका संघाशी मॅच दाखवा, मैदान बघतो, मग ठरवू. मी पौर्णिमेचा रविवार काढून दिला. संध्याकाळी चारला सुरू, पाणी पार लांब जाणार, मैदान आरशासारखं. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. आठ दिवस आधी त्यांचं पत्र आलं, या रविवारी जमत नाही, पुढच्या रविवारी येतो, वेळ तीच. आठवतंय ना? पत्र मीच वाचून दाखवलं तुला. आणि तिथल्या तिथे सांगितलं, "दादा, पुढचा रविवार सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. सव्वापाचला पूर्ण भरती. चारला मॅच सुरू केली तर दुसऱ्या अर्ध्यात बुडाल."

तू म्हणालास, "भांगाचं पानी असतंय सप्तमीला. एवढं न्हाय चढत."

मी म्हटलं, "पौर्णिमेएवढं नाही चढत, पण गोलाच्या बांबूपर्यंत येतं. त्यांना सकाळी दहाला बोलाव. साडेअकराला मॅच संपेल, मैदान लख्ख असेल."

मग म्हणालास, "सकाळीच का, असं इचारलं तर काय सांगू? अर्जात दिवसभर लिवलंय."

बघ! तुलाही कळत होतं. शब्दन् शब्द कळत होता. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं रे, 'साहेब, आमचं मैदान समुद्राचं आहे, सकाळी या.' हसले असते, चार प्रश्न विचारले असते, कदाचित आलेही असते. पण तुला साहेबांसमोर लहान व्हायचं नव्हतं. तू जुगार खेळलास. आणि फळीवर वेळ लिहायला मला सांगितलंस. मी नाही म्हटलं, तर खडू घेऊन तूच लिहिलंस: 'रविवार. चार.' तिथी लिहिली नाहीस. कुणाच्या लक्षातही आलं नाही, तिथी का नाही म्हणून!

ती मॅच मी सुरूच्या झाडाला टेकून बघितली. आपल्या रघुनाथने विसाव्या मिनिटाला गोल मारला तेव्हा गाव नाचलं. मी मात्र चेंडू बघतच नव्हते, पाण्याची कड बघत होते. अर्ध्या वेळेला पाणी खालच्या रेघेला लागलं. दुसऱ्या अर्ध्यात आपला उजवा विंग घोट्याएवढ्या पाण्यात पळत होता, चेंडू तरंगायला लागला, कोपऱ्यातली झेंड्याची काठी पाण्याबरोबर निघाली. अलिबागची पोरं पोट धरून हसायला लागली. ते दोन साहेब पांढरे बूट घालून आले होते. एकाने बूट काढून हातात घेतले आणि तुला म्हणाला, "मैदान उत्तम आहे. पोहण्याच्या स्पर्धेला कळवतो."

तुझा चेहरा मी बघितला. खरं सांगते, तेव्हा मला तुझी दया आली. वाटलं, पळत जावं आणि तुझा हात धरावा.

आणि तू काय केलंस?

दिवेलागणीला सगळे मारुतीच्या पारावर जमले. रघुनाथ कप्तान, तो तर रडत होता. "वसंत, टायम कुनी काढला ह्यो?" पोरं पेटलेली. त्या क्षणी तू खरं बोलला असतास तर दोन-चार शिव्या पडल्या असत्या, कुणी क्लब सोडला असता, एवढंच. तू पाराच्या खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "सुनीने काढला. लहान हाय. पाऊणकी चुकली तिची."

लहान हाय! वरून माया!

रघुनाथ माझ्याकडे वळला. "सुने, खरं काय?"

दादा, मी मान हलवली. का हलवली? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता तो झिजून गुळगुळीत झालाय. तू माझ्याकडे बघत होतास म्हणून. तू माझा दादा म्हणून. मुंबईहून येताना माझ्यासाठी रिबिनी आणणारा, मला सायकलवर पुढे बसवून चौलच्या जत्रेला नेणारा. आणि सोळा वर्षांच्या मुलीला वाटतं, आज सांभाळून घेऊ, उद्या हा स्वतःच सांगेल. उद्या! सत्तेचाळीस वर्षांचा उद्या!

क्लब मोडला नाही, तो माझ्या त्या एका मान हलवण्यावर. हे तरी कबूल कर. पोरांना तू लबाड निघालेला चालला नसतास, मी मूर्ख निघालेली चालले.

त्यानंतर फळीवर लिहायला मला कुणी बोलावलं नाही. रेवदंड्याचा कुणी होडीवाला नाखवा वेळ सांगायचा. तोही पाऊणकीच करत होता, मी करत होते तीच! मी पुळणीवर जाणं सोडलं. तू एकदा तरी विचारलंस, सुने, येत का नाहीस? क्लब तुझा होता तसा माझाही होता रे. माझं त्या वयातलं सगळं जग होतं ते.

मॅट्रिकला गणितात मला अठ्ठ्याऐंशी मार्क पडले. मी सायन्सला जाते म्हटलं. बाबा जेवता जेवता हसले. "भरतीची येळ काढता येत न्हाय, नि सायन्स?" ते चेष्टाच करत होते, पण अर्ज काही आणला नाही. तू समोर बसला होतास. बोंबलाचा काटा काढत होतास. काटा काढून झाला, भात कालवलास, ताक मागितलंस. बोलला नाहीस. मी डी.एड. केलं आणि प्राथमिक शाळेत लागले. नोकरी चांगली झाली, पोरांनी माया केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते ताक मी विसरले नाही.

आणि गावाने काय केलं, तर शब्द बनवला. एसटी चुकली: सुनीची पाऊणकी झाली. मांडवाला बांबू कमी पडले: सुनीची पाऊणकी. होडीवर बर्फ कमी पडला, लग्नात भात कमी पडला, कुणाच्या बायकोचे दिवस पुढे गेले, सगळीकडे सुनी! माझ्या लग्नात किहीमची वरात तास उशिरा आली, तर पहिलं वाक्य माझ्या सासऱ्यांच्या कानावर काय पडलं? तेच. त्यांनी विचारलं, ही सुनी कोण? मी अंतरपाटाआड उभी होते.

पण हे काहीच नाही. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, आज तुला सांगते. रेवदंड्याच्या शाळेत असताना चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. एका मुलीने फळ्यावर आठाची पाऊणपट सात लिहिली. मी म्हटलं, बघ बरं पुन्हा. तिने बघितलं, जीभ चावली आणि गोड हसून म्हणाली, "बाई, माझी सुनीची पाऊणकी झाली!" अख्खा वर्ग हसला. दादा, त्या पोरीला माहीतही नव्हतं की सुनी म्हणजे मी. तिच्यासाठी तो नुसता शब्द होता, घरात ऐकलेला. मी खडू घेतला, आठ पाऊण सहा लिहिलं आणि पुढचं उदाहरण घातलं.

तू मात्र क्लबचा राजा झालास. लीगने घेतलं नाही, तर तू त्याचाच झेंडा केलास. "आपन लीगच्या भायेरचे! त्या इंग्रजाच्या गावच्या क्लबावानी!" बोकड चषक भरवलास, जिंकणाऱ्याला जिवंत बोकड, हरणाऱ्याला नारळाची पेंड. पंचक्रोशीतली पोरं आली. मुंबईचे पाहुणे फोटो काढायला आले. पुळणीवर घोडागाड्या आणि मोटारी फिरायला लागल्या तेव्हा तू कलेक्टर कचेरीत जाऊन उभा राहिलास आणि मैदान वाचवलंस. गेल्या दहा वर्षांत मुलींचा संघ काढलास. हे सगळं खरं आहे, आणि मोठं आहे. मी स्मरणिकेतल्या या पानांवर एक रेघ मारली नाही. पण प्रत्येक भाषणात, प्रत्येक चषकाला, ती गोष्ट तू सांगायचास. "आमच्या सुनीची पाऊणकी..." आणि टाळ्या! मुलींच्या संघासमोरही सांगितलीस. मला पुढच्या खुर्चीत बसवून!

मी इतकी वर्षं स्वतःची एक समजूत घातली होती. वाटायचं, इतक्यांदा सांगून सांगून दादालाही ते खरंच वाटायला लागलंय. विसरला बिचारा. माणूस स्वतःच्या खोट्यावर असा विश्वास ठेवतो, मी बघितलंय. शेवटी अलिबागच्या दवाखान्यात तुला भेटायला आले, दुपारची वेळ, खाटेभोवती क्लबची सात-आठ माणसं. तू डोळे उघडलेस, मला बघितलंस आणि विचारलंस, "सुने, आज भरती कितीला?" वाटलं, आता बोलेल. मी म्हटलं, "दशमी आहे दादा. साडेसातला." तू हसलास, तेवढी ताकद कुठून आणलीस कोण जाणे, आणि म्हणालास, "पाऊणकी नीट केलीस ना?"

सगळे हसले. मीही हसले. तुझी उशी सारखी केली. घरी येताना रिक्षात मनाशी म्हटलं, विसरलाय, खरंच विसरलाय, आता काय धरायचं मनात. तेवढं म्हणून मी तुझं सुतक पाळलं, तुझ्यासाठी रडलेही.

आता सांगते, हे पत्र का.

प्रूफ वाचून झाल्यावर मी वहिनीकडे गेले. वाटलं, नववं पान बदलायचं तर आधी तिला सांगावं, तुझी बायको आहे, तिला बाहेरून कळू नये. ती पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मीही चार मुठी पुढ्यात घेतल्या आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. अर्ज, पत्र, सप्तमी, पार. एकदाच, पहिल्यांदाच, कुणाला तरी. मला वाटलं, ती चकित होईल, रागावेल, नाही म्हणेल.

ती सोलतच राहिली. मग म्हणाली, "वन्सं, मला ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"समदं. लगीन झालं त्याच वरसाला सांगितलं व्हतं त्यांनी. मी म्हनलं व्हतं, गावाला सांगून टाका एकदा. तर म्हनाले, आता काय त्याचं. सुनीला सवय झालीय."

दादा!

म्हणजे तू विसरला नव्हतास. एक दिवसही नाही. प्रत्येक भाषणाला, प्रत्येक टाळीला, त्या दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा तुला ठाऊक होतं. आणि तू हसलास? माझ्याकडून उशी सारखी करून घेतलीस? वहिनी म्हणाली, "तुमी मोठ्या मनाच्या, असं म्हनायचे कायम." अरे, कुणी दिलं मला हे मोठं मन? मी मागितलं होतं? तुझ्या सोयीचं होतं म्हणून तूच चिकटवलंस!

वहिनीवर मी रागावले नाही. ती म्हणाली, "तुमी बोलला न्हाय, मी कोन बोलनार?" तेही खरंच. वाल सोलून झाले, तिने डबाभर बिरडं बांधून दिलं. मी आणलं. खाल्लंही.

मग महेशला बोलावलं. त्याला खरं सांगितलं तेव्हा पोरगा मोबाईल चाळायला लागला. मग म्हणाला, "आत्या, पण लोकांना ती गोष्ट आवडते गं. गंमत आहे ती. आणि बाबांचं नाव खराब होईल, पन्नास वर्षांच्या कार्यक्रमात."

"आणि माझं?"

"तुझं काय, तुझं नाव तर सगळे प्रेमानेच घेतात."

बरोबर तुझा मुलगा! त्याचा दोष नाही. त्याने तेच ऐकलंय. जाताना दारात थांबून म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर. मी मंडेला घ्यायला येतो." आवाज पडला होता त्याचा. मला वाईट वाटलं. पण या वेळी वाईट वाटून मी गप्प बसणार नाही.

नवव्या पानावरची ती ओळ मी लाल रेघेने खोडली. हसऱ्या चेहऱ्यावर फुली मारली. शेजारी लिहिलं, तेच तुला पाठवते: 'लीगची माणसं बघायला येणार होती तो रविवार सप्तमीचा होता. भरती सव्वापाचला येणार हे क्लबची वेळ काढणाऱ्या सुनंदाने आधीच सांगितलं होतं, आणि मॅच सकाळी ठेवावी असंही. संस्थापक वसंतराव यांनी मैदान दिवसभर वापरता येतं असं अर्जात लिहवून घेतलं होतं, म्हणून त्यांनी वेळ बदलली नाही. भरती सव्वापाचलाच आली.' एवढंच. एक विशेषण नाही, एक उद्गारचिन्ह नाही. तुला लबाड म्हटलेलं नाही. अर्ज माझ्या हस्ताक्षरात होता, हेही खाली लिहिलंय.

आता वचन देते, नीट ऐक. तुझं नाव पहिल्या पानावर संस्थापक म्हणून राहील, कव्हरवर तुझाच फोटो राहील, आणि मुलींच्या संघाचं पान मी स्वतः नव्याने लिहून देईन, कारण ते महेशला जमलेलं नाही. पण ही पाच वाक्यं कुणी गाळली, तर कार्यक्रमाच्या दिवशी मी स्टेजवर जाईन, माईक हातात घेईन आणि ती वाचेन. वहिनी पुढच्या रांगेत असेल, तिचे डोळे खाली जातील, तरी वाचेन. रघुनाथ काठी टेकत येईल म्हणतात. त्याच्याकडे बघून वाचेन.

आणि तुला सवयीचं सांगायचं राहिलं. मला सवय झाली नव्हती, दादा. एक दिवसही नाही.

तुझी बहीण,
सुनंदा